कल्लाप्पाच्या मुठीतला दोरा

हिरेमाळ, दिंद्रुडजवळ
कार्तिक वद्य २, शके १८३४

चि. विरुपाक्ष, बसम्माक्काचे तुला आशीर्वाद.

बाबांनी तुला आणि मला एकाच पाटीवर अक्षरे शिकवली. तू त्याचा उपयोग केजच्या शाळेत पगार घेऊन करतोस आणि मी वर्षातून दोन पत्रे लिहून. हे यंदाचे तिसरे, तेव्हा कारण मोठे आहे हे ओळख.

तुझे दाजी जाऊन भाद्रपदात वर्ष झाले. आता शिवरात्र येईल, दुसऱ्या दिवशी मठापुढे हिरेस्वामींचे लळित होईल. त्याची गोष्ट तुला सांगणे म्हणजे सोनाराला कान टोचायला शिकवणे, कारण बाबांची वही तुझ्याकडे आहे आणि दरवर्षी पदे नीट करून तूच धाडतोस. तरी सांगते. दुष्काळात स्वामींनी मठाचे पेव फोडून गावोगावच्या उपाशी लोकांना जोंधळा वाटला. त्या जोंधळ्यावर किल्लेदाराचा डोळा होता. त्याने स्वार धाडले, मठ लुटला, स्वामी डोंगरातल्या गुहेत लपले. मग त्यांचाच शिष्य कल्लाप्पा चांदी घेऊन फितूर झाला आणि त्याने गुहा दाखवली. स्वामी किल्ल्यात लिंगैक्य झाले. इतके तुझ्या वहीत आहे. तुझ्या वहीत नाही ते असे की त्या कल्लाप्पाच्या वंशात तुझी बहीण दिलेली आहे.

कल्लाप्पाचे सोंग आमच्याच घराने घ्यायचे. तोंडाला काजळी, हात बांधलेले, बोलणे एक अक्षर नाही. पाच घरांचे वडीलधारे येतात आणि एकेक पायताण पाठीत घालतात. तुझ्या दाजींनी बावीस वर्षे ती खाल्ली. घरी येऊन तोंड धुवायचे, जेवायला बसायचे आणि “औंदा महालिंगप्पाचं पायताण नवं हुतं,” इतकेच म्हणायचे. मी भाकरी वाढायचे.

गेल्या शिवरात्रीला घरात दुखवटा म्हणून सोंग सुटले, यंदा पाळी चन्नप्पाची आहे. माझा लेक एकवीस वर्षांचा झाला. त्याच महालिंगप्पाची शिवकांता त्याला सांगून ठेवली आहे. महालिंगप्पा दुकानदार असला तरी शब्दाचा पक्का, आणि तुझ्या दाजींना त्याने शब्द दिला होता. पण परवा तो ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “वैनी, पैलं पायताण माझ्या घरचं असतंय. ज्येच्या पाठीत पायताण घातलं त्येच्या हातात पोरीचा हात कसा देऊ? तुमीच सांगा.” चन्नप्पा सोंगाला बसला नाही तर मठाचे पंच आमचे दार बंद करणार. मग ना लग्नाला जंगम येईल, ना मेल्यावर मातीला. इकडे आड आणि तिकडे विहीर.

मी खूप विचार केला. लळितात सगळे बोलतात. किल्लेदार बोलतो, त्याचा मोतद्दार बोलतो, घोड्याचे सोंग घेणारा धुळाजीसुद्धा पोटभर खिंकाळतो. एकटा कल्लाप्पा मुका आहे. तू त्याला बोलणे लिही. त्याने हे का केले ते त्याच्या तोंडून लोकांना ऐकू दे. पुढचे मी पाहते.

तुझी अक्का


केज
मार्गशीर्ष शुद्ध ५

ती. अक्कास विरुपाक्षाचे शरणार्थ.

पत्र वाचून दोन दिवस शाळेत लक्ष लागले नाही. तू सांगतेस ते सोपे नाही. ज्याने गुरूला धरून दिले त्याच्या तोंडी बोलणे घालायचे म्हणजे मठाच्या गादीवरच्या अप्पांचा रोष, पंचांचा रोष, आणि बाबा असते तर त्यांचाही. वही तीन पिढ्यांची आहे. मी तिच्यात आजवर वृत्त सुधारले, गोष्ट बदलली नाही.

तरी तुझा शब्द मोडवत नाही म्हणून दोन प्रवेश लिहून सोबत धाडतो. पहिल्यात कल्लाप्पाला गादी हवी असते. स्वामी ती दुसऱ्या शिष्याला देणार, या मत्सराने तो फितूर होतो आणि शेवटी पश्चात्तापाने रडतो. दुसऱ्यात किल्लेदार त्याच्या लेकराच्या गळ्यावर सुरी ठेवतो. हा प्रवेश वाचताना माझेच डोळे भरून आले. तुला जो पटेल तो घे.

आणखी एक लिहितो, ते मनात सलत आहे. लहानपणी जत्रेत मठापुढच्या त्या कल्लाप्पाच्या दगडाला, त्या कोरलेल्या मूर्तीला, मी नेम धरून चप्पल मारत असे. तुझे लग्न त्या घरात ठरले तेव्हा बाबा म्हणाले, माणसे चांगली आहेत, दगडाचे काय घेऊन बसायचे. लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला दाजींना काजळी फासलेले पाहिले आणि मी उठून गेलो. पुन्हा लळिताला आलो नाही. इथे कोणी विचारले, बहीण कुठे दिली, तर मी दिंद्रुडकडे म्हणतो. हिरेमाळ म्हणत नाही. याची मला लाज वाटते.

तुझा विरुपाक्ष


हिरेमाळ
मार्गशीर्ष वद्य १

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

लाज वाटते हे लिहिलेस, बरे केलेस. मला ते ठाऊक होते. दिंद्रुडचा बाजार करून केजला जाणारी माणसे परत येऊन बोलतातच. मी रागावले नाही, पण आता त्या लाजेची भरपाई तुझ्या लेखणीने कर.

तुझे दोन्ही प्रवेश परत धाडते. पहिला चुलीत घालणार होते, पण कागद चांगला आहे, मागच्या बाजूला लिहिता येईल. गादीसाठी फितूर झालेला माणूस ऐकला की लोक दोन पायताणे जास्त घालतील. दुसरा वाचून मीही रडले, खोटे का बोलू. पण लेकराच्या गळ्यावर सुरी आली तर कोणीही गुहा दाखवील. लोक म्हणतील, बिचारा. विरुपाक्षा, बिचाऱ्याच्या घरात कोणी मुलगी देत नाही. मला माझ्या लेकाची कीव नको आहे. मला असे कारण हवे की महालिंगप्पाने पायताण हातात धरावे आणि स्वतःशी म्हणावे, त्या जागी मी असतो तर काय केले असते?

तू मास्तर आहेस, तुला पुरावा लागतो. म्हणून एक सांगते, ते आमच्या घरच्या बायकांखेरीज कोणाला माहीत नाही. जत्रेच्या दिवशी दिवसभर येणारा जाणारा कल्लाप्पाच्या दगडाला पायताण मारतो. दुसऱ्या दिवशी तो दगड धुवायचे काम आमच्या घरच्या सुनेचे. मी तेवीस वर्षे धुते आहे. राख आणि नारळाच्या शेंडीने घासायचा, मग पाणी. बाकीचे लोक त्याला लांबून मारतात, हात फक्त मी लावते. नाक झिजले आहे, डोळे गेले आहेत, पण उजवी मूठ शाबूत आहे. लोक म्हणतात मुठीत चांदीचे रुपये आहेत. त्या मुठीतून खाली, करंगळीच्या बाजूने, बारीक कोरलेली एक रेघ निघते. दोऱ्यासारखी. रुपयांना दोरा कुठला असतो? आपल्या लोकांत दोरा कशाला असतो ते तुला सांगायला नको.

याचे काय करायचे ते तू बघ. शहाणा तू आहेस.

अक्का


केज
पौष शुद्ध ३

ती. अक्कास शरणार्थ.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी जेवलो नाही. वेड लागल्यासारखा लिहीत बसलो. तीन पिढ्या ज्या दगडाला आपण मारत आलो, त्याच्या मुठीत दोरा होता आणि आमच्यापैकी एकानेही जवळ जाऊन पाहिले नाही!

अक्का, तो लिंगाचा दोरा आहे. दुसरे काही असूच शकत नाही. आता गोष्ट कशी उलगडते बघ. स्वारांनी मठ लुटला त्या धांदलीत स्वामींच्या गळ्यातला दोरा तुटला आणि चांदीच्या डबीसकट त्यांचे इष्टलिंग शिपायांच्या हाती लागले. स्वामी गुहेत पोचले ते मोकळ्या गळ्याने. आपला नेम लहान लेकरालाही माहीत आहे: अंगावरचे लिंग हरवले तर ते मिळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. कल्लाप्पा रोज डोंगर चढून पाण्याचा तांब्या नेतो आणि स्वामी रोज तो बाजूला सारतात. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी त्यांना बोलवत नाही. गुरू आपल्या डोळ्यांपुढे तहानेने जातो आहे, आणि तोही लिंगाविना. तेव्हा कल्लाप्पा किल्ल्यावर जातो आणि डबी मागतो. किल्लेदार म्हणतो, डबी ने, पण जाताना माझी माणसे तुझ्या मागे येतील.

त्याने चांदी घेतली हे खरेच आहे. ती स्वामींचीच होती.

शेवटी मी असे लिहिले आहे: स्वामी दोरा गळ्यात बांधतात, पूजा करतात, कल्लाप्पाच्या हातचे पाणी पितात आणि स्वतः उठून शिपायांबरोबर चालू लागतात. कल्लाप्पाचे बोलणे चौदा ओळींचे आहे, एकही पद नाही. चन्नप्पाला सांग, रडायचे नाही, आवाज चढवायचा नाही. बाजारात भाव सांगतो तसे बोलायचे.

पुरावा मिळाला म्हणूनच हे लिहिले, नाहीतर माझा हात धजला नसता. तू रेघ नीट पाहिली आहेस ना? दगडाची चीर तर नव्हे?

तुझा विरुपाक्ष


हिरेमाळ
पौष वद्य ९

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

वाचले. पुन्हा वाचले. चन्नप्पाला अर्धे वाचून दाखवले, मग कागद ओढून घेऊन त्यानेच उरलेले वाचले. तू बाबांचा लेक खरा.

रेघ आहे. चीर नाही, मी छातीवर हात ठेवून सांगते.

मठाच्या अप्पांकडे मी स्वतः गेले. बाईमाणूस कागद घेऊन आले म्हणून कारभारी दारातच अडवत होता. मी म्हटले, तेवीस वर्षे दगड धुताना मला कोणी अडवले नाही, मग आज का? अप्पांनी कागद वाचला, उठले आणि थेट दगडापाशी गेले. वाकून मुठीखाली बोट फिरवले. मग म्हणाले, “कारण त्येचं, पायताण आपलं. दोनी बी व्हऊ द्या. लोकं काय करत्यात बघू.” म्हणजे बोलायची परवानगी मिळाली, पायताण मात्र रद्द झाले नाही.

महालिंगप्पाला अजून काही सांगितलेले नाही. त्याला उघड्या कानांनी ऐकू दे. तू येशील ना या वेळी?

अक्का


केज
फाल्गुन शुद्ध ४

ती. अक्कास शरणार्थ.

मी आलो नाही. शाळा तपासणी होती असे लिहिणार होतो, पण तुझ्याशी आता खोटे बोलायचे नाही. घाबरलो. चन्नप्पाच्या पाठीत पायताण पडलेले मला बघवले नसते, आणि ते माझ्या शब्दांनंतर पडले असते तर मग जगणेच कठीण.

काल बाजारात हिरेमाळकडचा एक तेली भेटला. म्हणाला, “औंदा कल्लाप्पा बोलला जी, सगळा माळ गप झालता.” पुढे काय झाले ते त्याला नीट सांगता येईना. तू लवकर लिही.

दरम्यान मी स्वस्थ बसलेलो नाही. कल्लाप्पाच्या दगडावर मोठा निबंध लिहिला आहे. मुठीतल्या दोऱ्याचा पुरावा देऊन तो पुण्याच्या एका मासिकाकडे धाडणार आहे. बीडहून फोटो काढणारा आणायचेही ठरवले आहे. तू रेघेची लांबी दोऱ्याने मोजून कळव. एकदा हे छापून आले की कल्लाप्पाला फितूर म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

विरुपाक्ष


हिरेमाळ
फाल्गुन शुद्ध ९

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

आधी लळिताचे सांगते, मग तुझ्या निबंधाचे. मधली पाने गाळून शेवट वाचू नकोस, लहानपणी तुला ती खोड होती.

तिसऱ्या प्रहरी, टळटळीत उन्हात चन्नप्पा दगडाशेजारी बसला. काजळी मीच लावली. हात बांधलेले. किल्लेदाराचे झाले, धुळाजीचा घोडा खिंकाळून गेला, आणि नेहमीप्रमाणे पाच घरचे पाच जण पायताण काढून उभे राहिले. तेव्हा चन्नप्पाने मान वर केली आणि तो बोलू लागला. तू सांगितले होतेस तसेच, भाव सांगावा तसे. पोरे हसायला लागली, मग त्यांची त्यांनाच लाज वाटून गप झाली. तांब्याची गोष्ट आली तेव्हा बायकांच्या बाजूने कोणीतरी हुंदका दिला. मी नव्हते. मी लेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्याच्या जागी त्याचे वडील दिसत होते. बावीस वर्षे गप बसलेला माणूस बोलत होता, विरुपाक्षा. मला इतका आनंद आणि इतके दुःख एकदम कधी झाले नव्हते.

चौदा ओळी संपल्या. महालिंगप्पा पुढे आला. पायताण हातात होते. जणू काही लळित नाहीच, खरेच चालले आहे, अशा आवाजात त्याने विचारले, “स्वामी पानी पिले का?”

हा प्रश्न तुझ्या कागदात नव्हता, पाणी पिण्याचा प्रवेश तर अजून पुढे होता. चन्नप्पा म्हणाला, “पिले. माझ्या हातचं पिले.”

महालिंगप्पाने पायताण खाली टाकले, पायात घातले आणि बाजूला जाऊन बसला. त्याच्यामागे आणखी तिघे बसले. राहिला म्हातारा शहादेव. तो म्हणाला, पायातून काढलेलं तसंच परत घालाया माझ्या बापानं शिकवलं न्हाई. आणि त्याने एक हलकेच घातले. अप्पा हसले, सगळा माळ हसला, चन्नप्पाही हसला. एक पायताण पडले म्हणून मला वाईट वाटले नाही. रीत एका दिवसात मरत नाही.

संध्याकाळी महालिंगप्पा आमच्या ओसरीवर आला. वैशाखातली तिथी धरली आहे. तू मामा आहेस, या वेळी शाळा तपासणी निघाली तर मी केजला येऊन तुझ्या साहेबाशी बोलेन.

आता निबंध. तो धाडू नकोस.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाई मला दगड धुवायला घेऊन गेल्या. केसरबाई म्हणून सगळे ओळखायचे त्यांना. दगड धुऊन झाल्यावर त्यांनी कमरेची तुटकी टाकी, दगड टोचायची छिन्नी, काढली. जात्याला टाकी लावणाऱ्या बायका येतात, त्यांच्याकडून मागून घेतलेली. मुठीच्या खाली एक रेघ होती, नखाएवढी. त्यांनी तिच्यावर टाकी ठेवली, दगडाने तीन ठोके घातले आणि टाकी माझ्या हातात दिली. “तू बी तीन घाल. जास्ती न्हाई. वरसाला तीन.” मी विचारले, हे काय आहे. म्हणाल्या, लिंगाचा दोरा. त्यांना त्यांच्या सासूने असेच सांगितले होते. तिला तिच्या सासूने.

म्हणून तुला पत्रात ‘रेघ आहे’ म्हटले ते खरे. ‘चीर नाही’ म्हटले तेही खरे. छातीवर हात ठेवून मी खोटे बोलत नाही. ती कोणी कोरली हे मात्र मी सांगितले नाही, कारण पुरावा नसता तर तू लिहिले नसतेस, आणि तू लिहिले नसतेस तर माझा लेक मुका बसला असता. तू रागावशील. रागाव. पण तुझ्या वहीत स्वामी गुहेत काय बोलले ते पानेच्या पाने आहे. ते ऐकायला तिथे कोण होते? ते कोणीतरी प्रेमाने रचले आणि लोकांनी ते हृदयाशी धरले. आमच्या घरच्या बायकांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी टाकी घेतली. फरक इतकाच.

मीही एकदा सासूबाईंना विचारले होते की खरे काय. गुरुवार होता, आम्ही ज्वारी निवडत होतो. त्या म्हणाल्या, “मुठीत काय हुतं ते कल्लाप्पालाच ठावं. त्येनं चांदीपायी केलं बी आसंल. पन आपुन त्येच्या मुठीत काय ठिवलं, ते मला ठावं हाय.”

तू जे लिहिलेस ते त्या सगळ्या जणींनी ठेवलेलेच वाचलेस. दोऱ्यावरून लिंग, लिंगावरून तहान, हे सगळे मी तुला सांगितले नव्हते. रेघ बघून तुला तेच दिसले. मला त्यापेक्षा मोठा पुरावा नको.

दुसऱ्या दिवशी मी दगड धुतला. यंदा घासायला फारसे काही नव्हते. सवयीने तीन ठोके घातले. रेघ अजून मनगटापर्यंतच आली आहे, शिवकांताला पुष्कळ काम आहे.

पत्र वाचून झाले की चुलीत घाल. आणि कोणी विचारले, बहीण कुठे दिली, तर काय सांगायचे ते तुला आता माहीत आहे.

बसम्माक्का